बेटासाठी वेगळी बातमी

म्हैसूरला देवराज मोहल्ल्यात एका टेलरच्या दुकानावर माडी होती, तिथं 'नगारी सिटी चॅनल'चा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे काय हो, एक टेबल, दोन दिवे, मागं हिरवा पडदा. रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी जिन्यातून खाली ओरडायचं, "मशीन बंद करा रे!" टेलर मशीनवरचे पाय उचलायचा, मग फत्तेसिंगराव बातम्या वाचायचे. बातम्या कन्नडात, अडखळले की शिवी मराठीत. घरची भाषा ती, तोंडात तीच येणार.

त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. ते घोड्यांवर ओरडायचे, हे माईकवर. आवाज खानदानी.

आता गंमत अशी, की फत्तेसिंगराव रोज बातम्या दोनदा वाचायचे. एक कॅसेट शहराची, ती संध्याकाळी लागायची. दुसरी श्रीरंगपट्टणची. कावेरीतलं बेट ते, तिथपर्यंत वायर कुठली ओढणार? कॅसेट बसच्या कंडक्टरकडं द्यायची, तिथला केबलवाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावायचा. सुरुवातीला एकच बातमी दोन्हीकडं जायची, आणि "उद्या करंट जाणार" ऐकून बेटावरचे लोक निवांत बसले की तेवढ्यात पंखा बंद! भवानीबाई, म्हणजे फत्तेसिंगरावांची बायको, माहेर बेटावरचं. ती कडाडली, "माझ्या माहेरच्या लोकांना खुळं करताय काय हो?" तेव्हापासून बेटासाठी वेगळी बातमी. शहराला 'आज' ते बेटाला 'काल', शहराला 'उद्या' ते बेटाला 'आज'.

कॅसेटवर नाव घालायची पद्धत नव्हती. त्याच त्याच कॅसेटी पुसून वापरायच्या, कागद चिकटवून चिकटवून किती चिकटवणार? म्हणून कोट. शहराला तपकिरी कोट, बेटाला राखाडी. चॅनलचा मालक अनंतकृष्ण कॅसेट लावून कोट बघायचा, राखाडी दिसला की काढून कंडक्टरकडं. कधी चूक नाही.

मग केबलचा कायदा आला. पोस्टात जाऊन नोंदणी करा, हा फॉर्म, तो फॉर्म, काय दाखवलं ते सांगा. अनंतकृष्ण वैतागला. "मी खांबावर चढणारा माणूस रावसाहेब. ह्या फॉर्मांवर कुठं चढू?" त्यानं चॅनल बेंगळूरच्या कृष्णमूर्ती साहेबांना विकायचं ठरवलं.

साहेबांचा मॅनेजर गुरुराज आधी आला. टाय लावलेला, बूट चकचकीत. बुधवारी दुपारी माडीवर चढला, पडदा बघितला, फत्तेसिंगरावांना बघितलं.

"उद्या दहाला साहेब येतात. बातमीत सांगा, प्रेक्षकांनी भेटायला यावं, मिठाई आहे. किती लोक येतात ते साहेब बघणार. आले तर हा स्टुडिओ, हे वाचणारे, सगळं राहील. नाही आले तर बेंगळूरहून कॅसेट येईल, तीच लावायची."

"म्हणजे मी?" फत्तेसिंगराव म्हणाले.

"तुम्ही विश्रांती घ्या, अंकल."

विश्रांती! साठी उलटलेल्या माणसाला हा शब्द शिवीपेक्षा लागतो. कचेरीतून रिटायर होऊन घरी बसले होते तेव्हा भवानीबाई त्यांना डाळ निवडायला लावायची. खुर्ची गेली की परत डाळ.

"आणि तो तपकिरी कोट नको," गुरुराज म्हणाला. "स्क्रीनवर मातीचं ढेकूळ दिसतं. राखाडीच घाला."

फत्तेसिंगरावांनी मुकाट राखाडी घातला. शहरासाठी वाचलं, "उद्या सकाळी दहा वाजता नवे मालक स्टुडिओत येणार आहेत, सगळ्यांनी यावं." मग त्याच कोटात बेटासाठी वाचलं, "आज सकाळी दहा वाजता..." मॅनेजरसमोर ते आणि अनंतकृष्ण दोघंही इतके घाबरलेले, की कोटाचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अनंतकृष्णानं सवयीनं कॅसेट लावली, राखाडी दिसला, काढून कंडक्टरकडं धाडली. उरली ती शहराला.

संध्याकाळी फत्तेसिंगराव नवरा-बायको गोकुळमला एका बारशाला गेले होते. टीव्ही कुणी बघितला?

गुरुवारी सकाळी कृष्णमूर्ती साहेब आले. गोरेपान, ढेरपोटे, हसरे. टेबलावर म्हैसूरपाकाचं ताट. दहा वाजले. साडेदहा वाजले. माडीवर ताट, साहेब आणि माश्या.

"कोणी बघत नाही सर हे चॅनल," गुरुराज म्हणाला.

फत्तेसिंगराव घाम पुसत खाली धावले. "काय हो, वर का नाही आलात? शेजारी असून?"

टेलर सुई दातात धरून म्हणाला, "कार्यक्रम झाला ना काल सकाळीच? संध्याकाळच्या बातमीत तुम्हीच सांगितलं, 'आज सकाळी दहाला साहेब येणार.' मी म्हटलं, येऊन गेले असतील, मला कुणी बोलावलंच नाही. राग आला मला."

फत्तेसिंगराव मशीनच्या स्टुलावरच बसले. डोक्यात लख्ख झालं. बेटाची कॅसेट शहरात लागली. म्हणजे शहराची बेटावर. म्हणजे बेटावर आज सकाळी ऐकलं असेल, 'उद्या'!

ते तसेच वर गेले आणि सगळं सांगून टाकलं. कोट, कॅसेट, काही लपवलं नाही. "साहेब, उद्या दहाला बेटावरचे लोक येतील. एक दिवस थांबा."

गुरुराज हसला. "बेटावरून? म्हैसूरपाकासाठी? तिकिटाला जास्त पडेल त्यांना. शिवाय ते बेट मंड्या जिल्ह्यात. तिथं वेगळी नोंदणी, वेगळा त्रास. ते सोडूनच देणार आहोत आपण."

साहेब म्हणाले, "थांबावं तर लागणारच. पोस्टातला माणूस म्हणतो अनंतकृष्णाची सही जुळत नाही, उद्या या. बघू की."

घरी भवानीबाईनं ऐकून घेतलं. "येतील," ती म्हणाली.

"कशावरून?"

"माझ्या माहेरचे आहेत."

"तेच म्हणतो. तुझा भाऊ माझ्या साठीशांतीलासुद्धा आला नाही."

"तो आळशी आहे. बाकीचे नाहीत."

शुक्रवारी फत्तेसिंगरावांनी कोट घातलाच नाही, नुसता शर्ट. खिडकीतून सारखे रस्ता बघायचे. दहाला कोणी नाही. गुरुराजनं घड्याळ बघितलं, साहेबांची बॅग उचलली. अनंतकृष्ण भिंतीकडं तोंड करून उभा. फत्तेसिंगराव म्हणाले, "या साहेब, जिन्यात जपून, तिसरी पायरी हलते," आणि त्यांचा तो घोडदळाचा आवाज पार बसला होता.

तेवढ्यात खाली हॉर्न. एक टेम्पो, पाठोपाठ दुसरा, दोन्ही माणसांनी भरलेले! ऊस बांधलेला, केळीचा घड, कुणीतरी नगारासुद्धा आणलेला. पुढं नागरत्नम्मा, बेटावर इडलीचं हॉटेल चालवणारी बाई.

"अळियंद्रे!" तिनं खालूनच हाक मारली. जावईबापू म्हणायचं कन्नडात. बेटाची मुलगी केली, सगळ्या बेटाचे जावई. "उशीर झाला, पुलावर म्हशी होत्या. कुठं आहे तुमचा नवा मालक?"

माडी भरली, जिना भरला, तिसरी पायरी मोडली. ताट क्षणात रिकामं. टेलरही रुसवा सोडून वर आला. नागरत्नम्मा साहेबांना म्हणाली, "तुम्ही घेतलं का हे चॅनल? चांगलं केलं. सकाळी हे बातम्या सांगतात तेव्हा माझ्या हॉटेलात बसायला जागा नसते. पण काल काय झालं हो? परवाच्या गोष्टीला आज म्हणत होते. आम्ही म्हटलं, जावयाला ताप आला बहुतेक."

साहेब पोट धरून हसले. "गुरुराज, शहरात राहू दे यांना. यांची खुर्ची कायम."

पण साहेब पुढं म्हणाले, "बेटाचं मात्र अवघड आहे. वेगळा जिल्हा, वेगळं पोस्ट, नोंदणीला कोण फिरणार?"

नागरत्नम्मानं पदर खोचला. "म्हणजे आम्ही आलो, ते शहराला जावई मिळवून द्यायला?"

फत्तेसिंगराव घसा साफ करून म्हणाले, "साहेब, पोस्टात मी फिरतो. आणि दोन्ही वाचायच्या असतील तर वाचीन. एकच ठेवायची असली, तर शहराला दुसरा कुणी बघा. मला बेट द्या."

"येनप्पा, काय हे!" साहेब म्हणाले. "शहर सोडून बेट?"

"बोलावलं की येतात हो ती माणसं."

साहेबांनी गुरुराजकडं बघितलं. गुरुराजच्या तोंडात म्हैसूरपाकाचा शेवटचा तुकडा होता. साहेबांनी तिथंच हात पुढं केला. "दोन्ही वाचा. आणि नोंदणी आजच टाका, माझं मन बदलायच्या आत."

मग काय, अनंतकृष्णाला सही करायला बखोटीला धरून टेम्पोत चढवला, ऊस बाजूला सारून फत्तेसिंगराव पुढं बसले. निघायच्या आधी त्यांनी टेलरच्या फोनवरून घरी लावला.

"अगं, मी तुझ्या माहेरी चाललोय."

"मला सोडून? कशाला?"

"कामाला," फत्तेसिंगराव इतक्या जोरात म्हणाले, की सगळा मोहल्ला वळून बघायला लागला.