टुंपाचा शेवटचा भाग

रविवारी सकाळी नऊला मुलगी बघायला बोलावणाऱ्या माणसाला काय म्हणावं? गुरुदत्तरावांना घरात कुणीच काही म्हणालं नाही, कारण ते वडील होते. पण चारुताचं तोंड दोन दिवस एवढंसं झालं होतं. नेमक्या त्याच वेळी टीव्हीवर टुंपाचा शेवटचा भाग होता.

हसू नका. चारुता चांगली बँकेत नोकरीला होती, तरी दर रविवारी कार्टूनपुढे मांडी घालून बसायची. टुंपा म्हणजे पाणमांजराचं पिल्लू. पुरात वाहून गेलेलं, आणि आता आईला शोधत नदीच्या उलट्या दिशेनं निघालेलं. आई त्याला भेटते की नाही, ते आज कळणार होतं. भाग एकदा चुकला की गेला, पुन्हा कोण दाखवतंय?

"त्या खुळाबद्दल पाहुण्यांसमोर अवाक्षर काढू नकोस," आईनं, शशिकलाबाईंनी, पदर खोचत बजावलं. टीव्हीच्या कपाटाचं सरकतं दार लावून पुढ्यात फुलदाणी ठेवली.

पाहुणे आले. मुलगा सत्यजीत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर मॅनेजर. सोबत काका कमलाकर. मुलाच्या वाटचं सगळं तेच बोलत होते. पोहे फिरले. आणि नवीन पनवेलच्या त्या बिल्डिंगच्या भिंती अशा, की शेजारी कुणी शिंकलं तर इकडचा माणूस "बघ, सत्य आहे" म्हणायचा. त्या भिंतीतून शेजारच्या टीव्हीवरचं टुंपाचं गाणं आणि मागोमाग पाण्याचा धो धो आवाज ऐकू यायला लागला. चारुताचे कान तिकडेच.

"स्वयंपाक वगैरे येतो ना?" काकांनी विचारलं.

"धबधब्यापर्यंत आलाय," चारुता म्हणाली.

काका बघतच राहिले. "भरतकामाची भारी हौस आहे हो तिला," शशिकलाबाई घाईनं म्हणाल्या. भरतकाम! पोरीला धड बटण लावता येत नव्हतं.

आता झाली पंचाईत. गप्प बसावं तर भाग जाणार, बोलावं तर स्थळ. शिवाय ते भरतकाम जन्मभर निभवायचं कुणी? चारुतानं सरळ सत्यजीतकडे पाहिलं.

"मला भरतकाम येत नाही. मला कार्टून आवडतं. पलीकडे चाललंय ना, त्याचा आज शेवट आहे, आणि मला तो बघायचाय."

काकांचा चमचा बशीतच राहिला. "या वयात?"

"लावा की," सत्यजीत म्हणाला. "मीही बघतो. कधी पाहिलं नाही."

गुरुदत्तरावांनी गोंधळून स्वतःच फुलदाणी उचलली आणि दार सरकवलं. टीव्हीवर चित्र येईपर्यंत चारुतानं सत्यजीतला पुराची सगळी गोष्ट भराभर सांगून टाकली. चित्र आलं तेव्हा एक म्हातारं कासव टुंपाला पाठीवर घेऊन खडकाखडकानं धबधबा चढत होतं. पडत, धापा टाकत ते माथ्यावर पोचलं. पलीकडे आई उभी होती. टुंपानं पाठीवरून उडी मारली आणि तिच्या कुशीत घुसला. दोघं घरी निघाली, गाणं वाजलं, नावं सरकू लागली. चारुता पाहुण्यांसमोर चक्क मुसमुसून रडत होती.

शशिकलाबाईंनी मनातल्या मनात स्थळावर पाणी सोडलं. काका उठले. "चला, कळवतो."

सत्यजीत काही उठला नाही. तो अजून टीव्हीकडेच बघत होता, कपाळाला आठ्या घालून.

"पण त्या कासवाचं काय?" तो म्हणाला. "एवढं वर आणलंन त्यानं, आणि ही दोघं मागे वळूनही न बघता गेली. ते बिचारं आता एकटं खाली कसं उतरणार?"

चारुतालाही अगदी हेच टोचत होतं. वर्षभर घरात टुंपाबद्दल तिला कुणी साधा एक प्रश्न विचारला नव्हता. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"काका, बसा जरा," ती म्हणाली. "आई, चहा टाक. आम्हाला अजून बोलायचंय."