कंसातला सहा

मला कॉम्प्युटर सेक्शनमध्ये सगळे भांडखोर म्हणतात. म्हणू दे! माझ्या जागी असते तर काय केलं असतं यांनी?

लकवा मारल्यापासून आई तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. लिफ्ट नाही. नर्मदेवर ग्वारीघाटाला नेमानं जायची, आता त्याचं नाव काढलं की तोंड फिरवते बिचारी. फॅक्टरीच्या कॉलनीत तळमजल्यावरचा एक क्वार्टर रिकामा झाला. अर्ज ऑनलाइन, पहिल्या येणाऱ्याला घर. दहाला पोर्टल उघडलं न उघडलं तोच मी बटण दाबलं.

घर मिळालं आलोक दुबेला. दोघांचे अर्ज म्हणे एकाच सेकंदाला आले, दहा वाजून एक सेकंद. बरोबरी झाली की सीनियरचा हक्क. त्याला तळमजला काहून पाहिजे? तर कार डोळ्यासमोर राहते!

पोर्टल आमच्याच सेक्शनच्या सुमेधनं बनवलेलं. मी त्याला सर्व्हरचा लॉग उघडायला लावला. माझा अर्ज दहा वाजून पॉइंट सहा सेकंदाला, आलोकचा एक पॉइंट चारला. चांगला पाऊण सेकंद मी पुढे होते!

"दीदी, वेळ मी मायक्रोसेकंदापर्यंत घेऊन राहिलो," सुमेध पुटपुटला, "पण टेबलात कॉलम नुसता डेटटाइम ठेवला. कंसात सहा लिहायचा राहून गेला."

तो सहा म्हणजे पॉइंटापुढचे सहा आकडे; तो नसला की डेटाबेस ते ठेवत नाही, वेळ जवळच्या सेकंदाला ढकलून देतो. माझे पॉइंट सहा वाढवून एक केले, आलोकचे एक पॉइंट चार कापून एक. मेलं यंत्रसुद्धा त्याच्याच बाजूचं!

मी आईला लगेच फोन केला, चूक सापडली म्हणून. मग क्वार्टर वाटणाऱ्या साहेबांकडे गेले.

"अरे मॅडम, पूरा एक सेकंड भी नहीं है," ते चहा पिता पिता म्हणाले. "अलॉटमेंट तो हो गया. अगली बार के लिए आप ही ठीक कर दीजिए."

आग लागो त्या अगली बारला! संताप संताप झाला, तरी कमांड मीच चालवली. कॉलम सुधारला. जुन्या नोंदींपुढे सहा-सहा शून्यं लागली. आता आलोक आणि मी मायक्रोसेकंदापर्यंत बरोबरीत आहोत, कुणीही तपासून घ्या.

घरी आले तर आईनं एका हातानं देव्हाऱ्यातले सगळे देव डब्यात भरून ठेवले होते.

"कधी उतरायचं गं?" तिनं विचारलं.

मी डबा उघडला आणि एकेक देव परत जागेवर मांडला.