चुकलेले एक अक्षर

मी एक जुने जनुक आहे. किती जुने, ते माझे मलाच ठाऊक नाही. मित्रांनो, मी डोळ्यांना दिसत नाही. पण माणसाच्या पेशीपेशीत माझी प्रत असते. कागदोपत्री मला बीटीके म्हणतात. माझे काम एकच, एक प्रथिन घडवणे. हाडांच्या मगजात काही कोवळ्या पेशी असतात. माझे प्रथिन त्यांना वाढवून शहाणे करते आणि मग त्या पेशी रोगजंतूंशी लढायची हत्यारे रक्तात सोडतात. एवढी मोठी कामगिरी माझ्याकडे, म्हणून मी कायम तोऱ्यात असे.

तो तोरा सांगलीच्या एका दवाखान्यात भरदुपारी उतरला. अजून त्या धक्क्यातून मी सावरलेले नाही.

आधी मी पल्लवीत होते. पल्लवी ही आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या घरची सून. बाईच्या अंगात माझ्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पल्लवीच्या त्या लढाऊ पेशींत सगळे काम बापाकडची प्रतच करी. मी आईकडचे, मला कोणी हाक मारत नसे. मला वाटे, थोरले म्हणून मानाने बसवून ठेवले आहे.

मग तिच्या पोटी रविराज जन्मला. मुलग्याला माझी एकच प्रत मिळते, तीही आईकडूनच. त्याच्या वाट्याला मी आले. आता मात्र मला हाक आली आणि मी कंबर कसून कामाला लागले.

सहा महिने पोर टुणटुणीत होते. सातव्या महिन्यात कान फुटला. मग छाती भरली. ताप औषधाने उतरे आणि पंधरा दिवसांत पुन्हा चढे. आजीने, म्हणजे दगडाबाईने, सगळे खापर सुनेच्या दुधावर फोडले. "तुझं दूधच बाधतंय त्येला," असे म्हणून तिने पोराचे अंगावरचे दूध तोडले आणि त्याला शेळीच्या दुधावर ठेवले. पल्लवीचा नवरा तानाजी मेंढरे घेऊन कोकणात उतरला होता. तिची बाजू घ्यायला घरात कोणी नव्हते. मलाही दगडाबाईचे पटले. मी तर दिवसरात्र राबत होते; मग दोष दुधाचाच असणार.

दहाव्या महिन्यात न्यूमोनियाने पोराचे ओठ निळे पडले, तेव्हा सासूसुना त्याला घेऊन सांगलीला आल्या. पोर कसेबसे वाचले. त्याचे रक्त तपासणीसाठी पुण्याला पाठवले आणि तीन आठवड्यांनी अहवाल आला. प्रांजल नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या, पुस्तकातले मराठी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "बाळाच्या रक्तात प्रतिपिंडच नाहीत."

दगडाबाई ताडकन उठली. "आवं बाई, पोर जितं हाय माझं. पिंडाचं नाव कशापायी काढताय?"

पल्लवीने तोंडात पदर कोंबला. आपण काय बोलून बसलो ते डॉक्टरबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्या घाईने म्हणाल्या, "तसं नाही हो आजी. रोगाशी लढणारं जे रक्तात असतं, त्याला आम्ही तसं म्हणतो. ते याच्या अंगात तयारच होत नाही. बीटीके नावाच्या जनुकात एक अक्षर चुकलंय."

मित्रांनो, बीटीके म्हणजे मी.

दहा महिने मी घडवत होते ते प्रथिन अर्ध्यातच तुटत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पल्लवीत मला मानाने बसवलेले नव्हते. मी कुचकामीच होते.

"तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला होता का?" डॉक्टरबाईंनी पल्लवीला विचारले.

"माझा भाऊ, गुंडा," ती पुटपुटली. "दोन वर्सांचा हुता. सारखी छाती भरायची. बाहेरची बाधा हाय म्हनले समदे."

त्या गुंडातही मीच होते. ती बाधा मी होते.

"म्हंजे हिच्याकडनंच आलं हे," दगडाबाई म्हणाली. पल्लवीने मान खाली घातली. आता आपली रवानगी माहेरी, हे तिने धरूनच ठेवले.

"हो, पण हिला ते माहीत नव्हतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि आजी, पहिले सहा महिने त्याला काही झालं नाही ना? तो हिच्याच जोरावर जगला. पोटात असताना आईच्या रक्तातली ताकद बाळाला मिळते. ती सरली आणि दुखणी सुरू झाली."

दगडाबाईचा सगळा जन्म मेंढरांत गेलेला. "चीक," ती म्हणाली. "कोकराला पयल्या दिसाचा चीक न्हाई घावला तर ते जगत न्हाई. आमी मग दुसऱ्या मेंढीचा पाजतो. तसंच हाय व्हय हे?"

"तसंच. यालाही दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं ते औषध शिरेतून द्यायचं. दर महिन्याला, जन्मभर. मग तो जगेल."

दगडाबाईने पोराला उचलून पल्लवीच्या मांडीवर ठेवले. "घे. पाज त्येला."

"आटलं, आत्या," पल्लवी म्हणाली.

सासूने कपाळाला हात लावला. दुधाने काहीच बिघडवले नव्हते. बिघडवले ते मी, आणि तीन महिने शिक्षा भोगली त्या माउलीने.

रविराज आता चार वर्षांचा आहे, अंगणवाडीत जातो. औषधाच्या दिवशी दगडाबाई स्वतः त्याला सांगलीला आणते. हाक आली की मी अजूनही उठते, प्रथिन घडवायला घेते आणि ते अर्ध्यातच तुटते. आता निदान मला ते कळते. मित्रांनो, माझे चुकलेले अक्षर मला सुधारता येत नाही. पण एखादे लेकरू पुनःपुन्हा आजारी पडत असेल, तर खापर फोडायला आई शोधू नका. आधी त्याचे रक्त तपासा.

पल्लवीची धाकटी बहीण अंकिता दहिवडीला दिलेली आहे. तिच्यातही मी असेन, नसेन. तिला सातवा महिना लागल्याचे कळताच दगडाबाई एसटीने एकटीच तिथे गेली. अंकिताच्या सासूसमोर बसून म्हणाली, "पोरगा झाला तर आदी रगात तपासा त्येचं. आन काय बी निगू द्या, सुनेचं दूध तोडू नगा. मी तोडलंय."