टेकडीपलीकडची घंटा

मी एक जुनी घंटा आहे. शाळेची नव्हे, मित्रांनो, त्यामुळे मला पाहून तोंड वाकडे करू नका. मी गोल्फच्या मैदानावरची घंटा. ओतारीकाकांनी मला साच्यातून काढले, पहिला टोल देऊन कान लावला आणि म्हणाले, "आवाज लांब जाईल हिचा." तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

मला एका टेकडीच्या पायथ्याशी लाकडी खांबावर टांगले. गोल्फ गटागटाने खेळतात. पुढचा गट लांब गेल्याशिवाय मागच्यांनी चेंडू मारायचा नाही. पुढचे रेंगाळत असतील, तर त्यांनी बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यायची. पण या टेकडीमुळे मागच्यांना पुढचे दिसतच नाहीत. म्हणून पुढच्यांनी आधी बाजूला व्हायचे आणि मग माझी दोरी ओढून एक टोल द्यायचा. तो ऐकला की पलीकडचे निर्धास्त चेंडू मारत. जन्मभर मी एवढा एकच शब्द बोलत आले : या.

सुरुवातीला माझी काय बडदास्त होती! माळीदादा मला राखेने घासून लख्ख करत. ते गेले आणि नव्या माळ्यांना गवतापलीकडे काही दिसेना. दोरी कुजत कुजत वीतभर उरली. कोणी टाचा उंचावून ती ओढत, कोणी कंटाळून तसेच निघून जात. मग पलीकडचे अंदाजाने चेंडू मारत आणि माझ्या काळजात धस्स होई.

रोज सकाळी येणारी एक जोडी मात्र माझी लाडकी होती. शिंपीकाका आणि त्यांच्या वहिनी. काका पूर्वी थोरल्या भावाबरोबर खेळत. भाऊ वारले, तेव्हा वहिनींनीच त्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला लावली आणि दिराला म्हणाल्या, मला शिकवा. काकांचा गुडघा दुखरा, वहिनींचा हात नवखा, शिवाय गप्पांना खंड नाही. त्यांच्या मागे नेमके दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मित्र. डॉक्टरांना दवाखाना गाठायची घाई. काका त्यांना कधी वाट देत नसत आणि डॉक्टर कधी नमस्कार करत नसत.

एका सकाळी काकांचा चेंडू माझ्याजवळच्या झुडपांत हरवला. त्यावर थोरल्या भावाने स्वतः लाल ठिपका काढला होता. भावाच्या हातचा तेवढाच एक चेंडू उरला होता, म्हणून काका झुडपातून बाहेर येईनात.

"भाऊजी, किती ताटकळत ठेवायचं माणसांना?" वहिनी म्हणाल्या. "त्यांना जाऊ द्या. मग दिवसभर शोधू आपण."

काका गाल फुगवून आले आणि त्यांनी वीतभर दोरीला असा हिसका दिला की टोल तर पडला, पण दोरी त्यांच्या हातात आली. दोघे बाजूला उभे राहिले. आणि तेवढ्यात, समोरच्या मोकळ्या गवतात, काकांना लाल ठिपका दिसला.

मग काय विचारता! गुडघा विसरून काका मैदानाच्या मधोमध गेले. आपण आत्ताच वाट दिली आहे, हेही विसरले. टेकडीवरून पहिला चेंडू आला आणि त्यांच्या मागे धप्पकन पडला. वहिनी हाका मारत होत्या, पण काका वाकून त्या ठिपक्याकडे पाहत होते. पलीकडे अजून तिघांचे चेंडू मारायचे बाकी होते.

वहिनींनी दोरीसाठी हात वर केला. दोरी होती कुठे? त्यांनी लोखंडी काठी उचलली आणि मला बडवायला सुरुवात केली. मित्रांनो, इतकी मी कधीच घाबरले नव्हते. मला एकच शब्द येत होता आणि तो नेमका उलटा होता. प्रत्येक फटक्याला मी काकांच्या अंगावर चेंडू बोलावत होते.

पण चेंडू आला नाही. डॉक्टर आले, टेकडी चढून, धापा टाकत.

"बोलावणारा माणूस घंटा अशी बडवत नाही," ते वहिनींना म्हणाले. "म्हटलं, काहीतरी झालंय. सगळ्यांना थांबवलं."

काकांनी मागे वळून तो पडलेला चेंडू पाहिला. त्यांनी टोपी काढली. "वाट मीच दिली," ते म्हणाले, "आणि मीच तिच्यात जाऊन उभा राहिलो."

डॉक्टर म्हणाले, तुमचा चेंडू सापडलाय, आधी तुम्ही मारा. काका म्हणाले, छे, वाट दिली म्हणजे दिली. इतकी वर्षे दोघे हटून बसले होते, आता पुढे व्हायला कोणी तयार होईना. शेवटी वहिनींनीच सांगितले की कोणीतरी मारा, मला घरी जायचे आहे.

दुसऱ्या दिवशी काका जाड कापडाचा दुहेरी शिवलेला पट्टा घेऊन आले. डॉक्टरांनी स्टूल धरले. माझ्या कुशीला काठीचा पोचा पडला आहे आणि आवाज जरा जाडा झाला आहे, पण मला त्याचे दुःख नाही. एक टोल म्हणजे या आणि टोलांवर टोल म्हणजे थांबा, असे आता सगळ्यांनी ठरवले आहे. या वयात मी दुसरा शब्द शिकले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूची दोरी कुजू देऊ नका. आणि कोणाला वाट दिलीत, तर तो नीट पुढे जाईपर्यंत बाजूलाच थांबा. शिंपीकाका आता टोल देतात आणि पट्टा हातात धरून माझ्याजवळ उभे राहतात. डॉक्टर जाताना त्यांना नमस्कार करतात. मग काका पट्टा सोडतात.