बॅगवाल्या वहिनींचा घसा

बॅगा दुरुस्त करण्याच्या त्या दुकानात हात चालत ते कारागिरांचे आणि तोंड चाले ते त्यांच्या बायकोचं. निखळलेलं चाक, अडकलेली चेन, आकडा विसरलेलं कुलूप, काहीही येवो, कारागीर मान खाली घालून ठीक करत. फोन मात्र बायकोने घ्यायचा. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांनी वहिनींना कधी पाहिलंही नव्हतं. "हो, चाक बदलून मिळतं, संध्याकाळपर्यंत मिळतं, रविवारी अर्धा दिवस, बँकेच्या जिन्याखाली, नाही, जिना चढायचा नाही," एवढं वहिनी एका दमात सांगत आणि फोन खाली ठेवेपर्यंत पुढचा वाजे. पंधरा वर्षं हे असं चाललं. सोळाव्या वर्षी घसा बसला, तो उठेचना.

डॉक्टरांनी आत बघून सांगितलं, "गाठी आल्यात. सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर बोलण्यापेक्षा वाईट. गाठी विरल्या तर उत्तम. नाहीतर कापून काढाव्या लागतील, आणि मग आवाज पहिल्यासारखा राहील याची हमी मी देणार नाही."

आपला आवाज काही गोड नाही, हे वहिनींना ठाऊक होतं. पण आपला तो आपला. त्या निमूट घरी आल्या.

निमूट वहिनी बघायला सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर नणंद. ती एका शाळेच्या कार्यालयात होती आणि तिथली वेबसाइट तीच सांभाळी. दुकानातल्या स्टुलावर ऐसपैस बसून ती म्हणाली, "काय वहिनी, दादा तुमच्यापुढे गरीब गाय आहे असं मी म्हणते. पटतं का? नाही बोलत? म्हणजे पटलं."

वहिनींनी वही ओढली आणि लिहिलं, 'तारीख टाकून ठेवते आहे. उत्तर सहा आठवड्यांनी.'

आता फोन कारागिरांकडे आला. हाताला जितकी कला, तितकाच जिभेला काटा. कुणी म्हणावं, बॅगेचं चाक निघालंय, तर हे विचारत, "मुळात असली बॅग घेतलीत कशाला?" पुढे प्लास्टिकच्या चाकांवर पाच मिनिटं प्रवचन, आणि शेवटी, "माझं ऐका, टाकून द्या ती." गिऱ्हाईक ऐके. बॅग टाकून देई आणि दुकानही.

समोर बसलेल्या वहिनींचा जीव घशाशी येई आणि तिथेच अडे. हात बांधून बसणं काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. फोनचा आवाज इतका मोठा, की पलीकडचं माणूस काय विचारतंय ते टेबलाच्या या बाजूलाही कळे. वहिनींनी वहीत रकाने आखले आणि कोण काय विचारतं त्याची एकेक रेघ मारायला सुरुवात केली.

नवव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. चारची गाडी, आणि भरलेल्या बॅगेची चेन उघडी पडलेली. कारागीर म्हणाले, "आज हात रिकामा नाही. उद्या आणा." गाडी आज आणि चेन उद्या! वहिनींनी फोन हिसकावला आणि कुजबुजत सुटल्या. लगेच निघा, बँकेचा जिना, बॅगेतले कपडे काढू नका, तशीच आणा, रिक्षा थांबवून ठेवा. बाई आल्या, चेन बसली, गाडी मिळाली. दुसऱ्या दिवशी वहिनींना थुंकीही गिळवेना.

"आजपासून पुन्हा सहा आठवडे," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा असं केलंत तर मी आठवडे मोजत बसणार नाही. तारीखच देईन, शस्त्रक्रियेची."

परतताना कारागिरांनी रस्त्यात दिसलेल्या एकाही बॅगेला नावं ठेवली नाहीत. म्हणजे मनाला लागलंय असं समजायचं. संध्याकाळी बहिणीने तोफ डागली.

"दादा, दुकानाची वेबसाइट कर."

"चांगल्या कामाला पाटी लागत नाही."

"पाटी होती की तुझी, बोलकी. पंधरा वर्षं तीच वापरलीस, म्हणून तर आज ही वेळ आली."

"लोक आपल्याला त्या फोनच्या नकाशावर शोधतातच की."

"नकाशावर तुझं दुकान 'कायमचं बंद' दाखवतंय. कुणीतरी चुकून दाबलं असेल. दुसऱ्याच्या भिंतीवर आपलं नाव लिहिलं की पुसणाराही दुसराच असतो. स्वतःचं काहीतरी असू दे."

कारागीर तयार झाले. इतके तयार झाले, की मजकूर मीच सांगणार म्हणून बसले. चार दिवसांनी वेबसाइट उभी राहिली. वर कारागिरांचा इस्त्रीच्या शर्टातला फोटो. खाली 'आमची वाटचाल'. त्याखाली 'चेनच्या खालावत चाललेल्या दर्जाविषयी थोडेसे', जे थोडं नव्हतं. शेवटी फोन नंबर, ठळक.

फोन वाढले. "तुमची वेबसाइट पाहिली, छान आहे. दुकान कुठे आहे?" "वाटचाल वाचली हो. रविवारी चालू असता का?" वहिनींच्या वहीत पूर्वी दिवसाला चाळीस रेघा पडत, आता साठ पडू लागल्या. आणि प्रत्येक रेघेला हात फोनकडे जाई. एकदा तर ओठही उघडले, ते त्यांनी स्वतःच्याच तळहाताने मिटले.

त्या शनिवारी वहिनींनी वही नणंदेपुढे टाकली. नणंद मोठ्याने वाचू लागली. "दुकान कुठे, दोनशे अकरा. किती दिवसांत मिळेल, एकशे सत्तर. रविवार, चौऱ्याण्णव. आकडा विसरलो, अडतीस. चेनच्या दर्जाविषयी मालकांचं मत काय..." ती थांबली आणि भावाकडे बघून म्हणाली, "पूज्य."

"लोकांना खोलात जायला नको असतं," कारागीर म्हणाले.

पुढचं पान उलटलं तर तिथे उत्तरं होती. वहिनींनी ती फोनवर देत तशीच लिहिली होती. 'बँकेच्या जिन्याखाली. जिना चढलात तर बँकेत जाल, तिथे चाकं मिळत नाहीत.' 'चाक एक तुटलं तरी दोन्ही बदला, नाहीतर बॅग जन्मभर लंगडेल.' 'आकडा विसरला असाल तर लाजू नका, बॅग घेऊन या. ती तुमचीच आहे हे दाखवणारं काहीतरी आणा.' 'प्रवासाच्या दिवशी येऊ नये. आलातच तर बाराच्या आत.' 'रविवारी अर्धा दिवस, म्हणजे एक वाजेपर्यंत, सव्वापर्यंत नाही.'

"यातला शब्द बदलायचा नाही," नणंद म्हणाली. भावजयीचं तिने केलेलं हे पहिलं कौतुक. चुकून झालं असावं.

"आणि मी?" कारागिरांनी विचारलं.

वहिनींनी लिहिलं, 'शर्टाचा फोटो काढून टाका. हातांचा लावा.'

तसं केलं. नकाशावरचं 'कायमचं बंद'ही नणंदेने अर्ज करून काढायला लावलं. फोन दिवसाला साठावरून तिसावर आले, मग दहावर. माणसं कमी झाली नाहीत. उलट बॅग हातात घेऊन, बाराच्या आत, जिना न चढता येऊ लागली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या वेबसाइटवर वाचलं, तर घरातलंच कुणी रागावतंय असं वाटलं. दोन्ही चाकं बदला." कारागिरांनी बदलली, आणि ओठांवर आलेलं प्रवचन गिळलं.

वहिनींना मात्र सुरुवातीला हे सोसेना. तासभर फोन वाजला नाही की त्या उचलून कानाला लावून बघत.

"चालू आहे तो," कारागीर मान वर न करता म्हणत. "तूही गप्प राहा आणि त्यालाही राहू दे."

सहा आठवडे भरले. डॉक्टरांनी बारीक आरसा घशाशी नेला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. बाहेर कारागीर खुर्चीच्या कडेवर बसले होते. आपल्यामुळे बायकोच्या घशाला सुरी लागते की काय, या धास्तीने त्यांनी सकाळपासून एकाही बॅगेला हात लावला नव्हता.

"विरल्यात," डॉक्टर म्हणाले. "बोला काहीतरी."

"काय बोलू?" वहिनी म्हणाल्या. आवाज थोडा खरखरीत, पण त्यांचाच.

"एवढं पुरे. यापुढे बेताने वापरा."

वहिनी बाहेर आल्या. कारागिरांनी तोंडाकडे बघितलं आणि न विचारताच सुटकेचा श्वास सोडला. टेबलाशी नावं लिहून घेणारी बाई फोनवर सांगत होती, "डॉक्टर पाचला येतात. हो, पाच. नाही, शनिवारी नाही. दुसरा मजला." ठेवला, की पुन्हा वाजला. "पाचला येतात. दुसरा मजला." तिचा आवाज फाटत चालला होता, आणि मधेच ती घसा खाकरून पाणी पीत होती.

कारागीर दारापर्यंत पोचले. वहिनी टेबलाशीच थांबल्या. बाईने फोन ठेवला तसं त्यांनी वाकून, अगदी बेताने विचारलं, "हे दिवसातून किती वेळा सांगता हो?"

"मोजतंय कोण," बाई म्हणाली.

"मोजा," वहिनी म्हणाल्या, आणि पर्समधून नणंदेचा नंबर शोधू लागल्या.