लाल ठिपक्याचे डबे

अरे, ऐका ना गा! रुपराव वनस्पती तुपाच्या फॅक्टरीत कामाले होता. भरलेल्या डब्यांची झाकणं कथलाचा डाग देऊन, झाळून बंद कराचा. मोहल्ल्यात काय रुबाब त्याचा! कंपनीचा माणूस म्हणजे जावई पाहावा तं असा. पण आतली गोष्ट त्यालेच ठाऊक. पंधरा दिवसांआधी मशीनचं काळं ऑइल तुपाच्या टाकीत सांडलं, अन् सुपरवायझर भैय्याजी म्हणे, "बंद कर डबे. तोंड उघडलं तं नोकरी गेली समज."

रुपरावनं डबे बंद केले, पण गुपचूप त्यांच्यावर लाल ठिपका मारला. कोणी तपासाले आलं तं वेगळे काढता येतील म्हणून. कोणीच आलं नाही बाप्पा!

अन् आज शेजारच्या महादेवरावच्या पोरीचं लग्न. मांडवामागं भट्टी पेटलेली, कढई चढलेली, अन् बाजूले तीन डबे. तिन्हीवर लाल ठिपका!

"फुकट देल्ले कंपनीनं!" महादेवराव छाती फुगवून सांगून राहिला. "तुह्या भैय्याजीनं सोता आणले. अशी कंपनी पाह्यली का कुठं?"

भैय्याजी तिथंच खुर्चीवर. पहिला घाणा निघाला तशी महादेवरावची बायको बायजाबाई ओरडली, "पहिली पुरी भैय्याजीले!"

"माहा उपास हाय आज," भैय्याजी म्हणाला. तोंडात पान, अन् म्हणे उपास! "रुपरावले द्या. कंपनीचा माणूस हाय."

पुरी रुपरावच्या हातात आली. पहिल्या पंगतीत त्याचीच दोन लेकरं पत्रावळीपुढं बसून टुकूटुकू पाहून राहिली होती. त्याची बायको जयवंता म्हणाली, "खा ना, काहून थांबले जी?"

त्यानं भैय्याजीकडं पाह्यलं. भैय्याजीचं पान चघळणं थांबलं होतं.

"पंगत उठवा, महादेवराव," रुपराव पुरी खाली ठेवत म्हणाला. "तुपात मशीनचं ऑइल हाय. हे डबे म्याच बंद केले."

मंग महादेवरावच भडकला, "लाज नाही वाटत बे? जिचं खाल्लं तिच्यावरच उलटला? एवढी मोठी कंपनी खोटी, अन् तू खरा?"

कोणी हललं नाही. आचारी दुसरा घाणा सोडाले लागला.

रुपरावनं पाण्याची बादली उचलली अन् भट्टीत ओतली.

सूंऽऽ करत धूर उठला. लेकरं रडाले लागली, कोणी शिव्या देल्ल्या, कोणाचंच तोंड दिसेना. अन् त्या धुरातून, अगदी कानाजवळ, भैय्याजीचा थंडगार आवाज आला, "उद्या भोंग्याच्या आधी फॅक्टरीच्या गेटवर ये, रुपराव. तुहा हिशेब करून टाकू."