त्रासाचं इंग्रजी

"'अनॉय' लिहा आणि विषय मिटवा," मॅनेजर म्हणाले. "त्रास म्हणजे त्रास. उगाच काथ्याकूट कशाला?"

दुभाष्यांनी मुकाट्याने तसं टाइप केलं. कारखान्यातल्या तक्रारी इंग्रजीत करून मुख्य कचेरीला पाठवायच्या, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. करार दरवर्षी नवा व्हायचा, तोही मॅनेजरांच्या मर्जीने. माणूस तसा भित्रा. पण एक नियम त्यांनी आपणहून घालून घेतला होता. केलेलं इंग्रजी तक्रारदाराला पुन्हा आपल्या भाषेत सांगायचं, मगच सही घ्यायची.

समोर पॅकिंगमधली बाई बसली होती. तक्रार तिच्या सुपरवायझरविरुद्ध होती.

"'सुपरवायझर मला वैताग आणतात,'" दुभाष्यांनी सांगितलं.

"वैताग?" बाई ताडकन म्हणाली. "वैताग तर माझी सासूही आणते, भाऊ. तिच्यासाठी कधी अर्ज केलाय का मी?"

मॅनेजर हसले. "बरं, 'प्रोव्होक' घाला."

"मग वाटेल, चिडून ताईंनीच काहीतरी केलं," दुभाषे म्हणाले.

"'पेस्टर'?"

"ते खाऊसाठी मागे लागणाऱ्या पोरांना शोभतं, साहेब." दुभाषे बाईकडे वळले. "ताई, नक्की काय होतं?"

"गोदामाच्या दारात आडवे उभे राहतात. अंग घासल्याशिवाय जाताच येत नाही. तीनदा नको म्हटलं, तर माझी एकटीची शिफ्ट बदलली. घरी सांगितलं तर नवरा म्हणणार, काम सोड. मी का सोडू?"

दुभाष्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी ती ओळ पुसली आणि 'हॅरॅस' लिहिलं.

"त्या शब्दावर चौकशी बसते, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

"मला दुसरा दुभाषा मिळेल."

"मिळेल की. पण जे घडलं त्याला शब्द हाच आहे."

त्यांनी बाईला नवी ओळ सांगितली, "'नको म्हणूनही सुपरवायझर पुन्हा पुन्हा माझा छळ करतात.'"

"हां, हे माझं," बाई म्हणाली आणि तिने सही केली. दुभाष्यांनी तक्रार लगेच पाठवून दिली.

संध्याकाळी ती फाटकापाशी त्यांची वाट बघत थांबली होती.

"भाऊ, माझ्यापायी साहेब तुम्हाला काही बोलले का?"

उद्यापासून येऊ नका, असं साहेबांनी त्यांना तासाभरापूर्वीच सांगितलं होतं.

"छे हो," दुभाषे म्हणाले, "काही विशेष नाही."